काळवंडलेली चांदी घरच्या घरी कशी उजळावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यातल्या घराघरांत चांदीची उपकरणी कपाटातून बाहेर निघतात. पावसाळाभर बंद राहून ती हमखास काळी पडलेली असतात, आणि मग हाताला लागेल त्या वस्तूने घासणे सुरू होते. खालची उत्तरे देवघरातली चांदी, ताटवाट्या, अंगावरचे दागिने आणि जुनी नाणी या सगळ्यांसाठी आहेत. घाई असली तरी पहिल्या सात प्रश्नांची उत्तरे वाचल्याशिवाय भांडे पाण्यात घालू नका.

चांदीवरचा काळा थर म्हणजे नेमके काय?

तो मळ नव्हे, गंजही नव्हे. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होते, तोच हा थर. नुसत्या प्राणवायूने साध्या हवेत चांदी काळी पडत नाही. थर अगदी पातळ असतो तेव्हा चांदी पिवळसर दिसते, वाढला की तांबूस-तपकिरी, मग निळसर जांभळी छटा येते आणि शेवटी काळी. पिवळसर असतानाच हात घातला तर काम पाच मिनिटांचे असते.

या थरात वजनाने सुमारे ८७ टक्के चांदीच असते. थर घासून काढला की त्याच्याबरोबर तुमची चांदीही जाते. जुन्या तबकांवरची नक्षी पुसट होते, ताटावरची नावे वाचता येईनाशी होतात, ती याच कारणाने. म्हणून घासण्याची पद्धत शेवटची ठेवावी आणि जिथे चालेल तिथे गंधक तेवढे काढून चांदी जागेवर ठेवणारी पद्धत आधी वापरावी. ती पुढे दिली आहे.

गोव्यात चांदी इतकी लवकर का काळी पडते?

कारणे तीन. पहिले दमट हवा: जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींनाही ओल असते, आणि धातूच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा थर असला की ही क्रिया झपाट्याने होते. दुसरे समुद्राची खारी हवा. तिच्यातल्या क्लोराइडमुळे चांदीवर करडा थर धरतो आणि चांदीत मिसळलेले तांबे हिरवे पडते. तिसरे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. खाजन (खाडीकाठची सखल, खारी जमीन), खाडी, खारफुटी यांच्या काठी ओहोटीच्या वेळी चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे चांदी काळी करणाऱ्याच वायूचा वास. मांडवी-जुवारीच्या काठच्या घरांत चांदी उघडी ठेवली तर ती आत डोंगराकडच्या गावांपेक्षा लवकर काळवंडते.

घरातलेही स्रोत असतात: अंडी, कांदा, लसूण, मोहरी, हिंग, लाकडाचा धूर, लोकरीचे कापड, रबरबँड. फटाक्यांच्या दारूत गंधक असते. नरकासुर जाळण्याची रात्र आणि लक्ष्मीपूजन यांत फारसे अंतर नसते, म्हणून उजळलेली चांदी त्या रात्री डब्यात बंद ठेवा आणि पूजेच्या वेळीच काढा.

वस्तू खरी चांदीची आहे की मुलाम्याची, हे कसे ओळखावे?

तळाशी, कडेला किंवा फाशाजवळ शिक्का शोधा. ९२५ म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि उरलेले बहुधा तांबे. ९९० म्हणजे ९९ टक्के. जुन्या घरांतल्या पुष्कळ वस्तूंवर शिक्का नसतोच, त्यावरून ती खोटी ठरत नाही. कोपरे, कडा आणि हात लागणारी जागा बघा. तिथे पिवळा किंवा तांबूस धातू डोकावत असेल तर वर चांदीचे पाणी दिलेले आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी मुळीच नसते. ते तांबे, निकेल आणि जस्ताचे मिश्रण. सोड्याच्या पाण्याने त्याला उजाळा येत नाही. शंका असेल तर सोनाराकडून टंच, म्हणजे शुद्धतेची तपासणी, काढून घ्या.

सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलची कृती नेमकी काय?

लागणारे साहित्य: स्वयंपाकाचा खायचा सोडा, मीठ, पोळ्या गुंडाळतो ते ॲल्युमिनियम फॉइल, उकळते पाणी. प्रमाण दर लिटर पाण्याला सोडा १ मोठा चमचा (सुमारे १५ ग्रॅम) आणि मीठ १ छोटा चमचा (सुमारे ५ ग्रॅम).

आधी भांडे कोमट पाणी आणि दोन-तीन थेंब भांडी धुण्याच्या साबणाने धुऊन घ्या. हळद, कुंकू, चंदन, तूप, तेल काहीही राहता कामा नये, कारण तेलकट जागेवर पुढची क्रिया होतच नाही. पसरट स्टीलच्या पातेल्याला आतून फॉइल लावा; चमकती बाजू वर की खाली, याने फरक पडत नाही. वस्तू फॉइलला टेकेल अशी ठेवा. वर सोडा आणि मीठ पसरा. पाणी उकळले की गॅस बंद करून मिनिटभर थांबा आणि मग हळूहळू ओता. गरम पाण्यात सोडा फसफसतो, त्यामुळे पातेले काठोकाठ भरू नका. वस्तू पूर्ण बुडाली पाहिजे.

दोन-तीन मिनिटांत रंग पालटू लागतो. चिमट्याने उलटवा, म्हणजे दुसरी बाजू फॉइलला टेकेल. चिमटा लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या, स्टीलचा चरे पाडतो. थोडा कुजकट वास येईल, तो सुटणाऱ्या गंधकाचा. खिडकी उघडी ठेवा आणि पातेल्यावर वाकून बघत बसू नका. पाच मिनिटांनी काढा, नळाखाली नीट धुवा आणि सुती पंचाने लगेच कोरडे करा.

यात होते ते असे: ॲल्युमिनियम चांदीपेक्षा क्रियाशील असल्याने चांदीला चिकटलेले गंधक सुटते आणि सल्फाइडमधली चांदी पुन्हा धातूच्या रूपात त्याच जागी येते. मीठ आणि सोडा पाण्यातून वीज वाहू देतात, शिवाय सोडा ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा सैल करतो. फॉइल काळपट आणि भुसभुशीत दिसू लागले म्हणजे काम होते आहे.

सगळे केले, पण काळेपणा तसाच राहिला. काय चुकले?

बहुतेक वेळा या चार गोष्टींपैकी एक असते.

पाणी कोमट होते. ऐंशी अंशांच्या खाली क्रिया फार रेंगाळते. भांडे गार पडले की पाणी बदला.

वस्तू फॉइलला टेकलीच नाही. एकावर एक रचलेल्या वाट्यांत वरच्या वाट्या तशाच राहतात. एका वेळी दोन-तीन वस्तू घ्या. तांब्या (लोटा) असेल तर त्याच्या आत फॉइलचा बोळा घाला.

खायच्या सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरली. तिच्यात आम्ल आणि स्टार्चही असतो, काम नीट होत नाही.

काळे दिसते ते सल्फाइड नसून काजळी आहे. त्याचे उत्तर निरांजनाच्या प्रश्नात आहे.

फार वर्षांचा जाड थर असेल तर एका फेरीत जात नाही. दर वेळी नवे पाणी, नवे फॉइल, नवा सोडा घेऊन दोन-तीन फेऱ्या करा. एकाच पाण्यात अर्धा तास ठेवून काही मिळत नाही.

भांडे काळे नाही, पण दुधट आणि मंद झाले. चमक कुठे गेली?

जाड थरातून परतलेली चांदी सूक्ष्म कणांच्या रूपात बसते, म्हणून प्रकाश विखुरतो आणि भांडे मंद पांढरे दिसते. नुकसान झालेले नसते. जुन्या धुतलेल्या मलमलीने लांब, सरळ हात मारत पुसा, गोल फिरवून नको. एवढ्याने चमक आली नाही तर पांढऱ्या खडूची अगदी बारीक पूड वस्त्रगाळ करून, थेंबभर पाण्यात कालवून, ओल्या कापडाने हलकेच फिरवा. पूड आधी बोटांच्या चिमटीत चोळून पाहा; खरखर लागली तर वापरू नका.

कोणत्या वस्तू या पाण्यात मुळीच घालू नयेत?

मोती, पोवळे, पिरोजा जडवलेले दागिने. मोती आणि पोवळे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, गरम पाण्यात आणि सोड्यात त्यांची झिलई जाते. गोंदाने चिकटवलेले खडेही सुटतात.

आतून लाख भरलेले दागिने. गरम पाण्यात लाख मऊ पडते आणि पत्रा चेपतो.

लाकडावर चांदीचा पत्रा मढवलेले चौरंग, पाट, देव्हारे, प्रभावळी. पाणी पत्र्याखाली शिरले की लाकूड फुगते, खिळे गंजतात, आणि डाग आतून बाहेर येतो. यांना ओल्या कापडाने पुसून, खडूच्या पुडीने उजळा आणि लगेच कोरडे करा.

ऑक्सिडाइज्ड दागिने. त्यांचा काळेपणा मुद्दाम आणलेला असतो, पाच मिनिटांत निघून जाईल आणि घरी परत आणता येणार नाही.

पंचधातूच्या मूर्ती. त्यांना ही कृती लागूच नाही.

समई मोठी आहे, पातेल्यात मावत नाही. मग?

चांदीची समई बहुधा आट्यांनी जोडलेली असते. भाग उलगडून एकेक करून घाला. आट्यांत पाणी राहू देऊ नका, सगळे भाग उलटे टेकवून वाळवा आणि मगच जोडा. उलगडत नसेल तर सोड्याच्या गरम पाण्यात सुती कापड भिजवून समईवर गुंडाळा, त्यावर आणि समईला टेकेल असे फॉइल लपेटा, पाच मिनिटे ठेवा. फॉइलने घासू मात्र नका. समईच्या मधल्या दांड्यात कधी कधी पितळी किंवा लोखंडी सळई असते. तशी असेल तर बुडवू नका.

निरांजन आणि आरतीचे तबक उजळत का नाही?

कारण त्यावर दोन वेगळे थर असतात. वरची काजळी आणि जळून घट्ट झालेले तूप हा कोळसा आहे. त्यावर सोडा-फॉइलचा काही परिणाम होत नाही. खाली सल्फाइड असते, ते काजळी गेल्याशिवाय पाण्याला लागत नाही.

लिटरभर गरम पाण्यात धुण्याचा सोडा १ मोठा चमचा घालून निरांजन अर्धा तास भिजवा. मऊ झालेले तूप बांबूच्या काडीने किंवा लहान मुलाच्या मऊ टूथब्रशने काढा. वातीच्या खोबणीत सुरीचे टोक घालू नका. तिथे पत्रा पातळ असतो, भोक पडते. धुऊन मग फॉइलची कृती करा. कापराची काजळी त्याच दिवशी कोरड्या कापसाने पुसली तर एवढे करावेच लागत नाही.

अभिषेकाची पात्रेही त्याच दिवशी धुवा. दही, मध, नारळाचे पाणी, ओली फुले रात्रभर चांदीत राहिली की डाग धरतात.

चिंच, आमसूल, लिंबू चालते का?

पितळ आणि तांब्यासाठी उत्तम, चांदीसाठी नाही. आपल्याकडे समई आणि घागरी आमसुलाने लखलखीत होतात, कारण आंबटाने तांब्याचे ऑक्साइड विरघळते. सिल्व्हर सल्फाइड अशा सौम्य आम्लात विरघळत नाही. घासून जो उजाळा दिसतो तो जोर लावल्यामुळे. वर मीठ घातले असेल तर मिठाचे खडे चरे पाडतात. पितळेची आणि चांदीची उपकरणी एकाच आंबट पाण्यात धुणे तर कटाक्षाने टाळा. सुटलेले तांबे चांदीवर बसून तांबूस झाक येऊ शकते.

टूथपेस्ट, रांगोळी, चुलीची राख?

नको. चांदी मऊ धातू आहे. कठीणतेच्या मोहस मापावर तिचा अंक २.५ ते ३. रांगोळी आणि राखेतल्या वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंक ७. टूथपेस्टमध्येही बहुधा सिलिकाच असते, दातांच्या आवरणाला ते चालते, चांदीला नाही. उन्हात तिरके धरून पाहिले की बारीक चऱ्यांचे जाळे दिसते, आणि अशा चऱ्यांत पुढच्या वेळी काळेपणा आणखी लवकर धरतो. काथ्या, तारेची घासणी, हिरवी स्क्रबर हे सगळे याच यादीत.

इनो किंवा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालून?

फेस खूप येतो, काम होत नाही. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात. फॉइलबरोबर साधा सोडाच घ्या.

पैंजण, जोडवी, बाळाचे वाळे रोज अंगावर असतात. ते कसे धुवावे?

यांच्यावर सल्फाइडपेक्षा घाम, साबण आणि त्वचेचा मळ जास्त असतो. रिठ्याचे पाणी यांना सर्वांत चांगले: सहा-सात रिठे फोडून, बिया काढून, अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटे उकळून गाळा. कोमट असताना दागिने पंधरा मिनिटे ठेवून मऊ ब्रशने कड्यांच्या सांध्यांतून फिरवा. सोनारही दागिने रिठ्यानेच धुतात. काळेपणा उरला तर दोन मिनिटांची फॉइलची फेरी पुरे.

घुंगरांच्या पोटात पाणी राहते. झटकून, कापडात गुंडाळून, पंख्याखाली किमान दोन तास ठेवा. हातात हलवल्यावर आवाज बद्द आला तर अजून ओल आहे.

समुद्रात किंवा तरणतलावात जाताना चांदी काढून ठेवा. तलावातल्या क्लोरिनने आणि लादी पुसण्याच्या ब्लीचने ती लवकर काळवंडते.

बाळाच्या उष्टावणाची वाटी-चमचा अशी उजळली तर खायला सुरक्षित आहे का?

हो. सोडा आणि मीठ खाण्यातलेच आहेत. फॉइलच्या पाण्यातून काढल्यावर साबणाने एकदा आणि स्वच्छ पाण्याने तीनदा धुवा, मग उकळते पाणी ओतून निथळा. बाजारातल्या बाटलीतल्या द्रवात बुडवलेली वाटी मात्र बाळाला देऊ नका. अंड्याचा पदार्थ चांदीच्या चमच्याने भरवला तर चमचा तासाभरात पिवळा पडतो. त्याने बाळाला काही होत नाही.

बाटलीतल्या त्या द्रवात काय असते?

बहुतेकांत थायोयुरिया आणि आम्ल. दोन-चार सेकंदांत काळे जाते, हे खरे, पण ते सल्फाइड विरघळवून काढतात, म्हणजे चांदी पाण्याबरोबर निघून जाते. जास्त वेळ राहिल्यास पृष्ठभाग खडबडीत होतो. मुलाम्याच्या वस्तूला ते घातकच. आमच्या मते घरात त्याची गरज नाही.

नक्षीतला काळेपणा पूर्ण काढावा का?

नाही. उठावाच्या कामात खोलगट जागेतली काळी छटा राहू दिली तरच फुले, वेली, आकृती नजरेत भरतात. गोव्याच्या कारागिरांचे रूपेकाम नावाजलेले आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जिझस बॅसिलिकेत संत झेवियरचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत ती १६३६-३७ साली इथल्याच सोनारांनी घडवली. अशा उठावाच्या कामाचे सौंदर्य उजेड-सावलीत असते. घरच्या नक्षीदार तबकाला बुडवण्याऐवजी खडूच्या पुडीचे कापड बोटाला ताणून गुंडाळा आणि फक्त वर आलेल्या भागावर फिरवा. पूड खोलगट भागात अडकली तर पाण्यात मऊ ब्रशने काढा, नाहीतर वाळल्यावर पांढरी दिसते.

हिरवे ठिपके आणि खड्डे पडले आहेत. ते जातील?

हिरवे म्हणजे मिश्रणातले तांबे. कापसाच्या बोळ्याला लिंबाचे दोन थेंब लावून फक्त त्या ठिपक्यावर अर्धा मिनिट टेकवा आणि भरपूर पाण्याने धुवा. इथे आंबट चालते, कारण ते तांब्यावर लावायचे आहे. मीठ ठेवल्याने किंवा खारे पाणी साचल्याने पडलेले खड्डे भरून येत नाहीत. चांदीच्या भांड्यात मीठ, लोणचे, सोलकढी ठेवू नये ती याचसाठी.

धुतल्यावर पाण्याचे डाग राहतात.

काही विहिरी आणि बोअरच्या पाण्यात लोह आणि क्षार जास्त असतात. शेवटचे धुणे पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याने करा आणि वाऱ्यावर वाळू न देता लगेच पुसा.

सोनाराकडे कधी न्यावे?

मुलामा उडाला असेल, डाक देऊन जोडलेला सांधा सुटला असेल, पोचा पडला असेल किंवा लाकडी गाभ्याच्या वस्तूचा पत्रा सैल झाला असेल, तेव्हा. देण्याआधी समोर वजन करून कागदावर लिहून घ्या आणि परत घेताना पुन्हा वजन करा. आम्लात बुडवून देणार की यंत्रावर बफ करणार, हे विचारा. बफिंगने आरशासारखी चमक येते, पण दर वेळी थोडी चांदी झिजते; पातळ पत्र्याच्या जुन्या वस्तूला ते सांगू नका.

पावसाळ्यात चांदी कशी ठेवावी?

पूर्ण कोरडी करून. पुसल्यावरही अर्धा तास पंख्याखाली राहू द्या. प्रत्येक वस्तू धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून वेगवेगळ्या झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला, हवा दाबून काढा, आत सिलिका जेलची एक-दोन पाकिटे ठेवा. निळ्या दाण्यांचे जेल गुलाबी झाले की ओल भरली. तव्यावर मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे होते. त्या तव्यावर स्वयंपाक करू नका.

वर्तमानपत्र, लोकर, रबरबँड, रंगीत मखमल यांचा चांदीला स्पर्श होऊ देऊ नका. रबरात गंधक असते, त्यामुळे रबरबँड लावलेल्या चमच्यांवर नेमकी पट्टी उमटते. लॉकरमधली चांदीही याच पद्धतीने बांधा, आणि पावसाळ्याच्या मध्यात एकदा उघडून पाहा. रोज वापरातली चांदी मात्र सर्वांत कमी काळी पडते, कारण धुण्या-पुसण्यात थर धरायला वेळच मिळत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या ताटातली जुनी पोर्तुगीज नाणी उजळावीत का?

नाही. फॉइल नको, सोडा नको, खडूही नको. पोर्तुगालचा राजा डोम लुईश याची मुद्रा असलेला १८८१चा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि ९१७ शुद्धतेचा आहे, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत चांदीपेक्षा त्याच्या मूळ पृष्ठभागात असते. वर्षानुवर्षांची करडी छटा काढली की ती किंमत उतरते आणि पुन्हा चढत नाही. कुंकू-हळद लागली असेल तर फिल्टरच्या पाण्यात बुडवून ठेवा, न चोळता मऊ कापडावर टेकवून पाणी टिपा. पूजेत नाण्याखाली पान ठेवा आणि कुंकू पानावर वाहा. नाणी कडेने धरा, एकेक कागदी पाकिटात ठेवा, आणि विकायचा विचार असेल तर जाणकाराला दाखवेपर्यंत आहेत तशीच राहू द्या.